हेडलॅम्पचा लाल उजेड मिणमिणता का असतो, आणि तो भक्कम कसा करायचा

नमस्कार मंडळी. हा हेडलॅम्प, कपाळावर बांधायचा दिवा. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत छापलंय, १००० लुमेन, म्हणजे एकूण उजेडाचं माप. आता बटण दोन सेकंद दाबून धरतो म्हणजे लाल मोड लागेल. लागला. हा एक बारीक गळ, ही पाव मिलिमीटरची तंगूस, म्हणजे गळाला बांधायची नायलॉनची दोरी. या उजेडात तंगूस गळाच्या नेढ्यात ओवून दाखवा, चहा आमच्याकडून.

(जवळून: तंगुसाचं टोक नेढ्याच्या बाजूने तीनदा निसटतं.)

पानशेत धरणाच्या काठावर मासे धरायला बसलं की रात्री अकराला नेमकं हेच होतं. मग माणूस वैतागून पांढरा दिवा लावतो, तोंडावर पाखरांचा थवा येतो आणि पुढचा अर्धा तास काळोखात काही दिसत नाही.

गोची कुठे आहे ते सांगतो. ते १००० लुमेन मधल्या मोठ्या पांढऱ्या एलईडीचे. लाल मोडला तो बंदच असतो. पेटतो तो कडेचा हा तांदळाच्या चार दाण्यांएवढा पाच मिलिमीटरचा लाल एलईडी, आणि त्यातून जातो साधारण २० मिलिअँपिअर करंट. दोन-चार लुमेन मिळाले तरी खूप. नकाशा वाचायला पुरतो. ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या ठिकाणी आकाशदर्शनाला जाणाऱ्यांना तर एवढाच हवा असतो, त्याहून जास्त केलात तर शेजारचा ओरडेल. पण गाठ मारणं, गळ बदलणं, माशाच्या जबड्यातून गळ सोडवणं ही बारीक कामं. त्याला तीस-चाळीस लुमेन लाल उजेड हवा.

आधी हे पाहू की लालच का. आपल्या डोळ्यात अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी असतात. त्या पुरत्या जाग्या व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोतात ती मेहनत वाया जाते. या पेशी ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या (हे उजेडाच्या रंगाचं माप) आसपासच्या निळसर हिरव्या उजेडाला सर्वांत जास्त दाद देतात. ६२० नॅनोमीटरच्या लालला त्याच्या एक टक्काही देत नाहीत. रंग आणि बारकावे पाहणाऱ्या शंकुपेशींना मात्र ६२० अजून बऱ्यापैकी दिसतं. म्हणजे गाठ दिसते, आणि मान वर केल्यावर समोरचा काठही दिसतो. अर्थात लाल उजेड भरपूर केलात तर दंडपेशींना तोही थोडा लागतोच. म्हणून उजेड भक्कम हवा तसा कमी करायची सोयही हवी. दुसरा फायदा पाखरांचा. बहुतेक किड्यांना लाल फारसा दिसत नाही, त्यामुळे जूनच्या पहिल्या पावसानंतर हा फरक तोंडावरच कळतो.

आणि एक समज आत्ताच मोडून टाकू. ‘माशाला लाल दिसत नाही.’ दिसतो! रोहू, कटला, सायप्रिनस ही सगळी कार्प कुळातली मंडळी. याच कुळातल्या गोल्डफिशच्या लाल शंकुपेशी साधारण ६२० नॅनोमीटरला सर्वाधिक दाद देतात, आपल्या ५६० च्या आसपास. म्हणजे लाल त्यांना आपल्यापेक्षा चांगला दिसतो. लाल उजेड तुमच्या डोळ्यांसाठी आहे, माशापासून लपायला नाही. पाण्यावर झोत मारायचा नाही तो नाहीच.

आता काम. सोपा मार्ग आधी: पांढऱ्यावर लाल काच.

पांढरा एलईडी म्हणजे खरं तर निळा एलईडी, वर पिवळा लेप. त्याच्या उजेडात लाल मुळातच कमी. वर लाल गाळणी लावली की साधारण दहावा हिस्सा उरतो. निळसर पांढरा असेल तर आणखी कमी, पिवळट असेल तर थोडा जास्त. ३०० लुमेनच्या मोडमधून तीसच्या आसपास निघतात. चालतंय की! फक्त बॅटरी ३०० लुमेनची जाते आणि उरलेला उजेड गाळणीत उष्णता होऊन बसतो.

गाळणी कसली? पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात मिळणारा लाल जिलेटिन कागद सगळ्यांना आठवतो. स्वस्त आहे, पण गळका आहे. एका पदरातून हिरवा-निळा बराच पार होतो. तपासायचं कसं ते बघा. जुनी सीडी घ्या, अंधाऱ्या खोलीत तिच्यावर हा उजेड पाडा आणि तिरपं करून प्रतिबिंब पाहा.

(जवळून: सीडीवर लाल पट्टा, शेजारी फिकट हिरवा.)

ही हिरवी कड दिसली? हीच तुमचे डोळे घालवते. दोन पदर केले की हिरवा जवळजवळ जातो, तीन केले तर लालही मंदावतो. शिवाय कागद काचेला चिकटवून फुल मोडवर ठेवला की सुरकुततो.

त्यापेक्षा अॅक्रिलिक. पाट्या करणाऱ्यांकडे जा, पुण्यात पाट्या करणाऱ्यांना तोटा नाही. तीन मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक लाल अॅक्रिलिकचं कातरण मागा. ‘पारदर्शक’ या शब्दावर जोर द्या, नाहीतर आतून दिवा लावायच्या पाटीचं दुधी लाल हातात येतं. ते झोत पसरवून टाकतं आणि हातभर अंतरावर काही दिसत नाही. हेडलॅम्पच्या काचेचा व्यास मोजा, तेवढी चकती होल-सॉने, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल करवतीने कापा. ड्रिल सावकाश फिरवा, घाई केली की अॅक्रिलिक वितळून पात्याला चिकटतं. चकती काचेच्या बाहेरून बसवा, सायकल ट्यूबच्या रबरी कड्याने. काढली की पांढरा दिवा परत. ज्यांना सोल्डरिंगचा कंटाळा आहे त्यांनी इथेच थांबलं तरी हरकत नाही, खरंच.

आम्हाला विचाराल तर मात्र लाल उजेड गाळून काढण्यापेक्षा उगमापाशीच लाल असलेला बरा. म्हणजे आतला पांढरा एलईडी काढून लाल बसवायचा. यासाठी १८६५० सेलचा (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब असा चार्ज करायचा लिथियम सेल) साधा अॅल्युमिनियम बॉडीचा हेडलॅम्प घ्या. प्लॅस्टिक बॉडीचा नको, उष्णता जायला वाट नसते.

पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, ‘तीन वॉटचा लाल एलईडी, स्टार प्लेटवर’ असं मागा. स्टार प्लेट म्हणजे एलईडी ज्यावर बसवलेला असतो ती धातूची छोटी चकती. प्लेट १६ मिलिमीटरची की २० ची, हे घरून मोजून जा. आणि तरंगलांबी विचाराच: ६२० ते ६३० नॅनोमीटर. झाडं वाढवायच्या दिव्यांसाठी ६६० वालाही मिळतो. दिसायला सारखा, पण तितक्याच ताकदीचा ६६० चा उजेड आपल्या डोळ्याला ६२५ च्या पाचव्या हिश्शाएवढाच दिसतो. ‘एवढा खटाटोप करून मिणमिणताच राहिला’ असं होतं तेव्हा एलईडी बहुतेक वेळा हाच निघतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा आकडा. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, लालला २.२ च्या आसपास. पांढऱ्यासाठी बेतलेल्या सर्किटवर लाल तसाच डागला तर स्वस्त हेडलॅम्पमध्ये करंट बेसुमार वाढतो. मिनिटभर उजेड डोळे दिपवतो आणि मग एलईडी कायमचा मंदावतो. म्हणून आतलं ड्रायव्हर सर्किट, म्हणजे एलईडीचा करंट आवरणारी पट्टी, आधी बघा. नुसताच एखादा छोटा रेझिस्टर असेल, ‘१आर०’ वगैरे लिहिलेला, तर तो काढा आणि हिशोब नव्याने मांडा. भरलेला सेल ४.२ व्होल्ट, वजा २.२, राहिले २. आपल्याला ३५० मिलिअँपिअर हवेत. २ भागिले ०.३५ म्हणजे ५.७. बाजारात ५.६ ओहम मिळतो. त्यावर ०.७ वॉट उष्णता होते, म्हणून २ वॉटचा घ्या. पाव वॉटचा घातलात तर वासावरूनच कळेल. सेल उतरून ३.६ वर आला की करंट २६० पर्यंत येतो, उजेड थोडा कमी होतो, गाठ मारायला तरी पुरतो. एलईडी तीन वॉटचा असला तरी आपण त्याला पाऊण वॉटवरच चालवतोय, आणि ते मुद्दाम. लाल एलईडीला उष्णता पांढऱ्यापेक्षा जास्त बाधते, तापला की उजेड भराभर उतरतो.

ड्रायव्हरवर ‘७१३५’ लिहिलेले तीन पायांचे चिप असतील तर नशीबवान आहात. प्रत्येक चिप साधारण ३५० मिलिअँपिअर बांधून देतो. चार चिप असतील तर एकच ठेवा. पण हा चिप जास्तीचे व्होल्ट स्वतःवर घेऊन तापतो: पांढऱ्याला ०.३५ वॉट, लालला दुप्पट, म्हणजे त्याच्या मर्यादेलाच टेकला. एलईडीच्या मायनस वायरमध्ये २.२ ओहमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर घाला, भार वाटला जाईल.

सोल्डरिंग. स्टार प्लेट अॅल्युमिनियमची, उष्णता गिळते. २५ वॉटच्या आयर्नने कथील नुसतं गोळा होऊन बसतं, ६० वॉटचं घ्या. वायरी प्लेटला आधी जोडा, मग प्लेट बॉडीत बसवा. उलट केलंत तर पूर्ण हेडलॅम्प तापवत बसाल. प्लेटखाली थर्मल पेस्ट, मसुराच्या दाण्याएवढी. जास्त घातली म्हणजे जास्त थंड होत नाही. वरून रिफ्लेक्टर बसवताना त्याच्या बुडाचा धातू प्लसच्या डागाला टेकत नाही ना बघा, मध्ये फायबरचं वॉशर घाला. नवा दिवा पेटला नाही तर पहिला संशय उलट्या वायरींवर, दुसरा या वॉशरवर.

कमी उजेडासाठी ५.६ ओहमच्या जागी ४७ ओहम आणणारा छोटा स्लाइड स्विच टाका. ४०-४५ मिलिअँपिअर जातील. चहा ओतायला, मोबाईल शोधायला तेवढा बास.

बंद करण्याआधी मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून करंट मोजा, मग टेबलावर १५ मिनिटं चालू ठेवा. पहिल्या दोन-तीन मिनिटांतच उजेड डोळ्यांदेखत उतरला तर प्लेट नीट टेकलेली नाही. ओ-रिंगला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याला, सिलिकॉन ग्रीस लावा. फट बुजवायला आंबट वासाचा सिलिकॉन सीलंट वापरू नका, त्यातलं आम्ल तांब्याच्या वायरी खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेला घ्या.

सेलबद्दल दोन गोष्टी. १८६५० वर ९९०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, सेलची क्षमता) लिहिलेलं दिसलं तर तिथेच ठेवा. या आकाराचे चांगले सेल साडेतीन हजारांच्या आसपास संपतात. खरा २६०० वाला आपल्या दिव्याला आठ-नऊ तास पुरतो. आणि नुसत्या रेझिस्टरवाल्या जोडणीत प्रोटेक्टेड सेलच घाला, म्हणजे फार उतरला की आपणहून बंद होणारा. पांढरा एलईडी सेल उतरला की पावणेतीन व्होल्टला आपणहून विझत येतो. लाल मात्र दोन व्होल्टपर्यंत मिणमिणत राहतो आणि सेल मारून टाकतो. सकाळी बॅगेत चालू राहिलेला दिवा सापडला तर तो सेल परत चार्जिंगला लावू नका.

आता काठावर. लाल उजेडात लाल आणि पांढरा सारखेच दिसतात. लाल टोकाचा फ्लोट (गळाच्या दोरीवरचा तरंगता बुच), लाल तंगूस घरी ठेवा. हिरवा किंवा निळा फ्लोट काळा दिसतो, तो फिकट बॅकग्राउंडवर चटकन सापडतो. बोट कापलं तर रक्त दिसत नाही, ओलं लागलं की पांढरा लावून बघा. आणि जागेवरून उठून चालायचं असेल तेव्हा तर पांढराच. घोणशीच्या अंगावरचे तपकिरी ठिपके लाल उजेडात वाळक्या गवतात विरून जातात. भिगवणच्या बाजूला चिलापीसाठी बसा नाहीतर पवनेला मरळीसाठी, जागेच्या ठेकेदाराची परवानगी आधी घ्या, आणि दिवा कपाळावर खाली हातांकडे झुकवून ठेवा. समोरच्या काठावर बसलेल्याच्या डोळ्यांत तीस लुमेन लाल गेला तरी तो शिव्या पुणेरीतच घालतो.