आंबा फोडल्यावर कळतो

माइकचा आवाज मागे येतोय ना? बरं. मार्केटिंगवर बोल असं मला सांगितलंय, पण मी काय एमबीए वगैरे नाही, बागेतला माणूस, वाशीच्या घाऊक मार्केटला पेट्या पाठवणं कमी करत करत आता बराचसा हापूस थेट गिऱ्हाइकाला देतो, त्यात जे काय खाल्लंय, आंबे पण आणि शिव्या पण, तेवढंच सांगतो.

वाशीला माल गेला की आपला संबंध दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, येईपर्यंत. पुढे तो आंबा कोणी खाल्ला, गोड लागला की आत साका निघाला, आपल्याला पत्ता नसतो. थेट विकायला लागलात की तोच साका रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो होऊन येतो. माझं तिसरं वर्ष असेल, डोंबिवलीच्या एक काकू, पाच डझनाची पेटी नेलेली. फोटोत स्टीलची ताटली, त्यात दोन फोडी, मधोमध तो पांढरट स्पंजासारखा भाग, आणि खाली दोनच शब्द, "हे काय?"

मी काय केलं? लांबलचक टाइप केलं, की साका बाहेरून दिसत नाही, फोडल्याशिवाय कळत नाही, उष्णतेने होतो, आमच्या हातात नसतं. सगळं खरं हो, एक अक्षर खोटं नव्हतं! आणि वर विचारलं, नक्की किती निघाले, सगळ्यांचे फोटो टाका. काकूंनी लिहिलं, "ठीक आहे." गिऱ्हाइक भांडतंय तोवर ते आपलं असतं, "ठीक आहे" आलं की समजायचं गेलं. त्यांच्या सोसायटीत माझ्या 11 पेट्या जायच्या, पुढच्या वर्षी एक पण नाही.

आता हिशोब बघा. पेटी 3000 ला धरा, 60 आंबे, म्हणजे एक आंबा 50 रुपयांचा. दोन आंबे खराब निघाले, 100 रुपये. त्या 100 रुपयांसाठी मी वकिलासारखा भांडत बसलो आणि 33 हजारांची ऑर्डर घालवली.

तेव्हापासून प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी असते. आंबा कधी काढला ती तारीख, आंबा हिरवाच येणार घाबरू नका (नाहीतर पेटी उघडल्या उघडल्या फोन, "अहो कैऱ्या पाठवल्यात!"), पेंढ्यातच राहू दे, पिकेपर्यंत फ्रिजमध्ये घालू नका. आणि शेवटी, आत साका निघाला तर एक फोटो टाका, पुढच्या पेटीत तेवढे आंबे जास्त येतील, पुढची पेटी नको असेल तर पैसे परत. बायको म्हणाली लोक फुकट आंबे उकळतील. एवढ्या वर्षांत तसे दोघंच भेटले, त्यांना मी गोडीत सांगितलं की यंदा माल संपला. बाकीचे उलट सांगतात, एक निघालेला पण राहू दे हो. आपण आधीच बोललेलो असतो ना, म्हणून.

आणि खरा फायदा मला वेगळाच झाला. तक्रार आली की मी वहीत लिहितो, पेटीचा नंबर, कुठल्या भागातली कलमं, कुठल्या दिवशीची काढणी. दोन सीझन लिहिल्यावर दिसलं की साक्याच्या निम्म्याहून जास्त तक्रारी कातळावरच्या कलमांच्या, त्या पण मे महिन्यात उशिरा काढलेल्या मालाच्या. खाली कातळ तापतो, वर आपण वजन भरेल म्हणून आंबा झाडावर सोळा आणे तयार होऊ देतो. दापोलीचं विद्यापीठ कधीपासून सांगतंय की चौदा आण्याला, म्हणजे पूर्ण तयार व्हायच्या थोडं आधी काढा, मी ऐकून सोडून द्यायचो, ते शेवटी गिऱ्हाइकांच्या फोटोंनी माझ्या डोक्यात घातलं. आता कातळावरचा आंबा मी आधी उतरवतो, सकाळी ऊन चढायच्या आत, देठासकट, झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने. साका थांबला नाही, पण कमी झाला.

"ओरिजिनल आहे ना?" हा प्रश्न सगळ्यांना येतो. 2018 ला हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची नोंदणी करा, कर्नाटकचा आंबा आपल्या नावावर खपतो त्यावर ते बरं आहे. पण आंबा कुठला ते त्याने कळतं, आत कसा निघेल ते नाही.

भावाचं लपवू नका. एप्रिलला चढ्या भावाने नेणाऱ्याला मेमध्ये शेजारणीकडून उतरलेला भाव कळतोच, मग तो तुम्हाला चोर म्हणतो. मी आधीच सांगतो, पाडव्याला पूजेपुरता डझन घ्या, रसाला लागतील ते मेमध्ये घ्या. होतं काय, लोक दोन्ही वेळेला घेतात.

व्हॉट्सअ‍ॅपचं थोडक्यात. ग्रुप काढू नका, एकाचा साका शंभर जण बघतात. ब्रॉडकास्ट करा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो, एका लिस्टमध्ये 256 जण मावतात, पण मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि मग म्हणतात रिस्पॉन्स नाही. चिठ्ठीवर पहिली ओळच टाका, नंबर सेव्ह करा. आणि गुड मॉर्निंगची फुलं पाठवायची नाहीत! मी वर्षाला तीन मेसेज टाकतो, मोहोर आल्यावर, पहिल्या काढणीला, आणि माल संपत आल्यावर. बास.

त्या काकूंना मी दोन वर्षांनी फोन केला होता, चुकलं म्हणून. त्या म्हणाल्या, "आंब्याचं काही नव्हतं हो, आंबा आहे, निघतो एखादा. तुम्ही सगळ्यांचे फोटो मागितलेत ना, ते लागलं." आता त्या दुसऱ्या कोणाकडून घेतात, रत्नागिरीकडचाच आहे म्हणे. इथे बसला असलास तर बाबा, नऊच्या पुढे फोटो आला की फक्त "पाठवतो काकू" एवढंच लिही.