निष्कर्षापर्यंतची वाट दाखवा

मित्रहो, मराठवाड्यात संशोधनाला विषयांची वानवा नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न राज्यभर गाजला. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. किती जणींची पिशवी काढली, ते सर्वेक्षणातून कळतं. पण का काढली, कुणाच्या शब्दावर काढली, पुढे तिचं काय झालं, हे तिच्याजवळ बसून ऐकल्याशिवाय कळत नाही. गुणात्मक संशोधनाचं काम तिथून सुरू होतं. आणि वाचकाचा रास्त प्रश्नही तिथूनच सुरू होतो: तुमच्यावर विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा?

आपल्या प्रबंधांत एक ठरलेलं वाक्य असतं, 'मुलाखतींच्या विश्लेषणातून पुढील आशयसूत्रे आढळली.' आशयसूत्रं म्हणजे अनेकींच्या बोलण्यातून पुन्हा पुन्हा येणारे मुख्य धागे. ती कुठे पडलेली नव्हती, तुम्ही बांधलीत. कशी बांधलीत, ते सांगा.

समजा, ऊसतोड मजुरांच्या मुलाखतींत तुम्ही 'मुकादमाची उचल' (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराने आगाऊ दिलेली रक्कम) आणि 'सावकाराचं कर्ज' असे दोन संकेत, म्हणजे बोलण्याच्या तुकड्यांना द्यायची छोटी नावं, लावले. पुढे पसारा आवरताना दोन्ही 'कर्जबाजारीपणा' या एकाच नावाखाली घातले. सावकाराचं देणं पैशाने फिटतं. उचल मात्र अंगमेहनतीने फेडायची असते, नवरा-बायकोच्या जोडीने, कोयता चालवून. हंगामात बाई आजारी पडली की खाडा होतो, खाड्याचा दंड लागतो आणि उचल अंगावर राहते. पिशवी काढण्यामागे हा धाक होता का, हे तपासण्याची सोयच त्या एका बदलाने जाऊ शकते. संकेत एकत्र करायला माझी हरकत नाही. पण कोणत्या मुलाखतीनंतर, कोणत्या तारखेला आणि का केले, याचं टिपण वहीत हवं, आणि प्रबंधाच्या परिशिष्टात त्याचा गोषवारा हवा. गुणात्मक संशोधनाच्या पद्धतीवर लिहिणाऱ्या लिंकन आणि गुबा यांनी १९८५ मध्येच अशा नोंदींचा आग्रह धरला होता. आपल्याकडे अजूनही ती वही मार्गदर्शकसुद्धा मागत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

मुलाखतीच्या वेळी जवळ कोण होतं, तेही लिहा. 'उचलीचा काही तरास नाही' हे वाक्य मुकादम ओट्यावर बसलेला असताना आलं की बाई एकटी असताना, यावर त्याचा अर्थ ठरतो. मुलाखती आणि गटचर्चांसाठी २००७ मध्ये आलेल्या 'कोरेक' (COREQ) या, अहवालात काय काय सांगावं याच्या ३२ मुद्द्यांच्या यादीत हा प्रश्न स्पष्ट विचारलेला आहे. तुमची आणि त्या माणसांची आधीची ओळख होती का, हाही.

एखादी बाई म्हणेल, 'पिशवी काढली अन् दुखणं गेलं, बरं झालं.' तुमच्या मांडणीत ती बसत नसेल तर तिला अधिक जागा द्या. गाळू नका.

आता उलट बाजू. पारदर्शकतेच्या नावाखाली माणसं उघडी पडता कामा नयेत. 'पाटोदा तालुक्यातली, वय ३४, दोन मुली, दीर मुकादम' एवढं लिहिल्यावर नाव बदलून उपयोग काय? गावाने तिला ओळखलंच. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन भांडारात चढतो, तो मुकादमाच्या पोरालाही मोबाईलवर वाचता येतो. म्हणून तालुका, वय, नातं यांत फेरफार करा आणि असा फेरफार केला आहे हे वाचकाला सांगा.

हल्ली सगळी सामग्री खुली करा, असा आग्रह वाढतो आहे. प्रश्नावली, संकेतांची यादी, बदलांची टिपणं खुशाल खुली करा. ते तुमचं काम आहे. ध्वनिमुद्रण तिचं आहे. सुरुवातीला कागदावर घेतलेला अंगठा त्यासाठी पुरत नाही. बोलणं संपल्यावर, आपण काय काय सांगितलं हे तिला कळलेलं असताना, पुन्हा विचारा: यातलं काय छापू, काय नको? ती म्हणाली, 'सासूचं तेवढं नका लिहू', तर ते लिहायचं नाही. सहभागी व्यक्तींच्या सांगण्यावरून काही मजकूर वगळला आहे, एवढीच नोंद प्रबंधात करायची.