आपलीच चमक बघायला चंद्रावर जावं लागलं

नमस्कार मंडळी! जेवणं आटोपली असतील तर जरा गच्चीत जाऊन या. अमावास्या असो, लाइट गेलेली असो, आकाश पूर्ण काळं कधीच नसतं बरं का. दिवसभर ऊन खाल्लेली वरची हवा रात्रभर मंद चमकत असते, त्याला म्हणतात एअरग्लो. त्यातला अल्ट्राव्हायोलेटवाला भाग मात्र जमिनीवरून दिसायचा नाही, एकतर आपल्या डोळ्याला तो प्रकाश कळत नाही आणि कॅमेरा लावला तरी मधली हवाच तो गिळून टाकते.

मग काय, कॅमेरा थेट चंद्रावर नेला. एप्रिल 1972, नासाची अपोलो 16 ही चांद्रमोहीम. अमेरिकन नौदलाच्या रिसर्च लॅबमधल्या जॉर्ज कॅरुथर्स यांनी तो बनवलेला, वर सोन्याचा मुलामा. तापू नये म्हणून अंतराळवीर जॉन यंगने तो यानाच्या सावलीत मांडला, पण सूर्य वर येईल तशी सावली आखडत जाणार, म्हणजे आपण वाळवणाची खाट उन्हामागे सरकवतो ना, तसा हा गडी जाडजूड स्पेससूट घालून कॅमेरा सावलीमागे सरकवत होता! येताना फिल्म आणली, कॅमेरा अजून तिथेच आहे.

फोटोत पृथ्वीभोवती हायड्रोजनचं मोठं तेजोवलय दिसलं, आणि रात्रीच्या बाजूला मॅग्नेटिक इक्वेटरच्या (म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताच्या) दोन्ही अंगांना चमकते पट्टे. हे पट्टे मला जास्त आवडतात. दिवसा इक्वेटरवरचा विद्युतभारित वायू वर ढकलला जातो आणि चुंबकीय रेषांवरून उत्तर-दक्षिणेला घसरतो, अगदी कारंज्यासारखा, शास्त्रज्ञ पण फाउंटन इफेक्टच म्हणतात. रात्री तिथले ऑक्सिजनचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, इलेक्ट्रॉनला भेटतात आणि 135.6 नॅनोमीटरचा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश सुटतो.

हा मॅग्नेटिक इक्वेटर केरळातल्या थुंब्याजवळून जातो, 1963 ला भारतातलं पहिलं रॉकेट तिथूनच का उडवलं ते आता कळलं असेल. उत्तरेचा पट्टा येतो साधारण अहमदाबादच्या आसपास, आणि मधे आपलं कोल्हापूर! तिथे शिवाजी विद्यापीठात भारतीय भूचुंबकत्व संस्थेची उपकरणं याच ऑक्सिजनचा 630 नॅनोमीटरचा लाल प्रकाश टिपतात, तो खाली पोचतो ना. कधी त्यात काळे पट्टे सरकताना दिसतात, ते म्हणजे प्लाझ्मा बबल, त्या विद्युतभारित वायूतले विरळ बुडबुडे, जीपीएसचे सिग्नल बिघडवणारे.

सप्टेंबर 2025 मध्ये कॅरुथर्स यांच्याच नावाचं यान ते हायड्रोजनचं वलय बघायला पाठवलंय, 15 लाख किलोमीटर लांब. कोल्हापूरच्या कॅमेऱ्याला मात्र निरभ्र आणि बिनचांदण्याची रात्र लागते, त्यामुळे पावसाळ्यात त्याला सुट्टीच!