कुठेही चोच घालणारा किआ

तो बघा, गाडीच्या टपावर बसून खिडकीचं रबर ओढून काढतोय ना, तो किआ. न्यूझीलंडच्या साउथ आयलंडवरचा पोपट, सदर्न आल्प्सच्या बर्फाळ डोंगरात राहतो, इतक्या उंच थंडीत राहणारा पोपट जगात हा एकच. ओरडतो पण तसंच, "कीऽऽआ", माओरी लोकांनी तेच नाव ठेवलं.

बसलेला असला की नुसता शेवाळी हिरवा दिसतो, पण उडाला की पंखाखालचा केशरी रंग दिसतो आणि मग नजर हटत नाही.

आता हा रबर का ओढतोय? डोंगरात खायला कमी, म्हणून मुळं, बेरी, अळ्या, मेलेलं जनावर, जे मिळेल ते चोचीने उकरून, चाखून बघायचं ही याची सवय, तिच्यावरच हा जगलाय. आणि तीच त्याच्या जिवावर पण उठली. १८६० नंतर मेंढपाळांच्या लक्षात आलं की काही किआ जिवंत मेंढ्यांच्या पाठीवर बसून चरबी टोचून खातात. मग सरकारने बक्षीसच लावलं, चोच आणून द्या, पैसे घ्या. अंदाजे दीड लाख किआ मारले गेले, दीड लाख! पूर्ण संरक्षण मिळालं ते थेट १९८६ मध्ये, आज रानात साधारण ३ ते ७ हजार उरलेत.

डोंगरातल्या जुन्या झोपड्यांच्या छपरांना शिशाचे खिळे आणि पत्रे असतात, शिसं चवीला गोड लागतं, किआ ते चावत बसतो आणि विषबाधा होते. आता ते शिसं काढायचं काम चालू आहे, पण छपरं खूप आहेत.

घरटं जमिनीवर, दगडांच्या कपारीत नाहीतर मुळांखाली, पिल्लं जवळजवळ तीन महिने आतच असतात आणि माणसाने सशांची संख्या आवरायला आणलेला स्टोट, मुंगसासारखा दिसणारा शिकारी, सरळ आत शिरतो, अंडी, पिल्लं, कधीकधी मादीसुद्धा संपवतो.

तरी यांचं खेळणं बघा. एक उताणा पडलाय, दुसरा त्याच्या पोटावर उड्या मारतोय. खेळताना ते एक वेगळाच गुरगुरल्यासारखा आवाज काढतात, २०१७ मध्ये संशोधकांनी तोच आवाज रेकॉर्ड करून रानातल्या किआंना ऐकवला, तर ते खेळायलाच लागले, आणि जवळ कोणी नव्हतं ते एकटेच हवेत कोलांट्या मारायला लागले.