चमच्याच्या पाठीवरचे ठसे

[दृश्य: गोव्यातल्या घराचं जेवणघर, काचेचं कपाट. मखमली खोक्यात चांदीचे बारा चमचे.]

चमचा उलटा करा. वाचायचं ते बहुतेक दांड्याच्या पाठीमागे असतं. तिथे दोन निराळ्या गोष्टी असतात आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात. ठसा कारागिराचा आणि चांदी तपासणाऱ्याचा, तर गुंफलेली आद्याक्षरं, म्हणजे मोनोग्राम, मालकाचा. ठसा पंचावर हातोडी मारून उमटवतात, त्यात धातू दबतो. मोनोग्राम सळईने कोरतात, त्यात धातू निघून जातो. ठसा सहसा चमचा घडवतानाच पडतो. मोनोग्राम मात्र पन्नास वर्षांनी, दुसऱ्याच घरात कोरलेला असू शकतो. म्हणून चमच्याचं वय ठरवायचं ते ठशावरून.

[दृश्य: कोमट पाण्याचं भांडं, मऊ फडकं.]

आधी सफाई. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ सुती फडकं, एवढंच. चिंच, राख, टूथपेस्ट नको. ठशातली अक्षरं केसाएवढ्या उठावाची असतात. दरवर्षी चतुर्थीला किंवा नाताळाला घासून चकाचक केलेल्या चमच्यांवर नुसता चौकोनी खड्डा उरतो, आत काहीच नाही. खाचेतला काळेपणा राहू द्या, त्यामुळेच अक्षर उठून दिसतं.

मग दहापट भिंग घ्या आणि टॉर्च वरून न धरता बाजूने, जवळजवळ आडवा धरा. तरीही वाचता येत नसेल तर दांडा मेणबत्तीच्या ज्योतीवर दोन-तीन सेकंद फिरवा. काजळी धरली की निवू द्या, पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचला आणि पांढऱ्या कागदावर लावा. अक्षरं सुलटीच दिसतात आणि डोळ्याला चुकलेला तपशील कागदावर सापडतो.

[दृश्य: भिंगातून ठसा. रानडुकराचं डोकं.]

पोर्तुगीज चांदीवर रानडुकराचं डोकं दिसलं, तर तो ठसा 1887 ते 1937 या काळातला. गरुडाचं डोकं असेल तर 1938 नंतरचा, आणि त्यासोबत 833 किंवा 916 हा आकडा. हे आकडे विचित्र वाटतात, पण हिशेब साधा आहे. पोर्तुगालमध्ये शुद्ध चांदी बारा दिन्हेइरूंची (शुद्धतेचं जुनं माप) धरत. बारात दहा भाग म्हणजे हजारात 833, अकरा भाग म्हणजे 916. 1887 आधीच्या चांदीवर शहराचं मुकुटधारी अक्षर असतं: लिस्बनचा एल, पोर्तूचा पी. कारागिराचा ठसा वेगळा, लहान, त्याची स्वतःची आद्याक्षरं असलेला. पोर्तुगीज ठशांत इंग्रजांसारखं वर्षाचं अक्षर नसतं, त्यामुळे नेमकं साल क्वचितच निघतं, कालखंड निघतो. पण तेवढ्यानेही खूप काही कळतं. ‘पणजीच्या लग्नातले, 1895 चे’ म्हणून दाखवलेल्या चमच्यांवर गरुड असेल, तर पणजी खरी असेल, चमचे त्या लग्नातले नाहीत.

मुंबईमार्गे आलेल्या इंग्रजी चमच्यावर चार-पाच ठसे ओळीने असतात. चालता सिंह म्हणजे 925 चांदी. बिबट्याचं तोंड लंडनचं, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा. राजाराणीचं डोकं हा कराचा ठसा, तो 1784 ते 1890 एवढाच. बिबट्याच्या डोक्यावरचा मुकुट 1821 मध्ये गेला. साधारण 1780 पर्यंत हे ठसे वाटीजवळ, अरुंद दांड्यावर मारत. नंतर दांडा पुन्हा ठोकून नीट करताना ते चेपत, म्हणून तिथले ठसे वेडेवाकडे दिसले तर लगेच नकली म्हणू नका.

[दृश्य: चार वेगळ्या चौकटींतली चार अक्षरं.]

आता फसवणारा ठसा. ई, पी, एन, एस ही अक्षरं एकेका ढालीत, जुन्या वळणात उमटवलेली. दुरून अगदी राजमान्य. प्रत्यक्षात तो जर्मन सिल्व्हरवर, म्हणजे चांदी नसलेल्या तांबं-निकेल-जस्ताच्या मिश्रधातूवर, विजेने दिलेला चांदीचा मुलामा. खूण वाटीच्या पाठीवर बघा. टेबलावर टेकते त्या जागी मुलामा झिजून पिवळसर डाग दिसतो.

[दृश्य: दांड्याच्या टोकावरचा मोनोग्राम.]

मोनोग्राम कोणत्या बाजूला आहे तेही बोलकं असतं. युरोपातल्या बऱ्याच घरांत चमचा पालथा मांडत, म्हणून अक्षरं पाठीवर. इंग्रज अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उताणा मांडू लागले, अक्षरं पुढे आली. अक्षरं लावताना पोर्तुगीज नावाचा क्रम लक्षात ठेवा: आधी स्वतःचं नाव, मग आईकडचं आडनाव, शेवटी वडिलांचं. इंग्रजी सवयीने मधलं मोठं अक्षर आडनावाचं धरलंत, तर चुकीच्या घराण्याच्या दारात जाऊन उभे राहाल.

जुनं नाव खरवडून नवं कोरलंय का, हे बघायला दांड्याच्या टोकावर श्वास सोडा. वाफेत पुसलेल्या रेघांची छाया क्षणभर दिसते. संचातल्या दुसऱ्या चमच्याची जाडी त्याच जागी मोजून बघा. घासलेला चमचा तिथे पातळ भरतो.

[दृश्य: डिजिटल काटा, पाण्याचा पेला, दोऱ्याला टांगलेला चमचा.]

गोव्यातल्या शेटांनी, म्हणजे सोनारांनी, घडवलेल्या चमच्यांवर बऱ्याचदा ठसाच नसतो. ठसा नाही म्हणजे चांदी नाही, असं नव्हे. कोरडं वजन घ्या. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि चमचा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला न टेकवता. काट्यावर येतील तेवढ्या ग्रॅमनी कोरड्या वजनाला भागा. साठ ग्रॅमच्या चमच्याला 5.9 आले तर भागाकार 10.2 च्या आसपास, म्हणजे चांदी. 7 आले तर 8.6, म्हणजे जर्मन सिल्व्हर. काटा 0.01 ग्रॅम दाखवणारा हवा आणि चमच्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी झटकायचे, नाहीतर खरी चांदीही हलकी ठरते. सुऱ्यांना ही चाचणी लावू नका. त्यांच्या मुठी बहुधा पोकळ असतात, आत राळ भरलेली असते.