आधी आडात पाणी आहे का ते बघा

(अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यातील भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. पुढे पालक बसलेत, मागच्या रांगेत मुलं बसलीत आणि मुलांच्या हातात फोन आहेत. आज त्या फोनबद्दलच बोलायचं आहे, पण तक्रार करायला नव्हे. सुट्टीत मराठवाड्यात जाऊन आपल्याच वयाच्या मुलांसाठी सात-आठ मिनिटांचा माहितीपट करायचा, तर विषय कसा निवडायचा, एवढाच मुद्दा घेऊन उभा आहे. कॅमेरा, एडिटिंग नंतरही शिकता येतं. विषय चुकला तर मात्र तिकडे पोचल्यावर हात चोळत बसावं लागतं. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

मुलांना विचारलं की पहिलं उत्तर येतं 'मराठवाड्यातला दुष्काळ'. दुसरं 'पैठणी'. तिसरं 'अजिंठा-वेरूळ'. ही धड्यांची नावं झाली. माहितीपटाचा विषय एका वाक्यात सांगता यायला हवा आणि त्या वाक्यात कोण, काय करतंय आणि कुठे अडतंय, हे तिन्ही हवं.

दुष्काळाचंच बघा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते एप्रिल २०१६ मध्ये. पहिल्या गाडीला दहा वाघिणी (पाण्याच्या टाक्यांचे डबे) होत्या, एकेकीत पन्नास हजार लिटर. आकडा मोठा आहे, पण त्या गाडीची दृश्यं दुसऱ्यांच्या मालकीची आहेत आणि आजच्या चौदा वर्षांच्या मुलाला तेव्हाचं काही आठवणार नाही. शिवाय आपल्या शाळांना सुट्टी कधी? डिसेंबरअखेर, नाहीतर जून ते ऑगस्ट. डिसेंबरात तिकडे शिवारात ज्वारी आणि हरभरा उभा असतो, पाऊस वेळेवर आला तर जूनमध्ये पेरणीची घाई असते. टंचाई खरी दिसते ती एप्रिल-मे महिन्यांत, आणि तेव्हा तुमच्या इथे परीक्षा. मग हिरव्या शेतावर निवेदकाचा खर्जातला आवाज चढवून दुष्काळ सांगावा लागतो. बघणारी मुलं तिसऱ्या सेकंदाला पुढे जातात, आणि त्यांचं चुकत नाही.

म्हणून विषय ठरवायच्या आधी कॅलेंडर काढा. त्या दहा-बारा दिवसांत तिकडे काय घडतं, ते लिहा. बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलला परततात. डिसेंबरात गेलात तर तोडणी दिसणार नाही, ती कारखान्यांच्या पट्ट्यात चाललेली असते. गावात उरतात म्हातारी माणसं आणि काही लेकरं. पण तिथेच एक विषय आहे: आई-वडील कोयत्यावर गेलेत, घरी आजी आणि नववीतली ताई, तर सकाळी पाच ते शाळेची घंटा होईपर्यंत घर कोण चालवतं? हा प्रश्न इथल्या नववीतल्या मुलीला लगेच कळतो. (कोयता म्हणजे अवजार, आणि मुकादमाच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या, हिशेबात नवरा-बायकोची जोडीही. असा एखादा शब्द कानावर पडला की तो फिल्ममध्ये घ्याच.)

अजिंठा-वेरूळबद्दल थोडक्यात. तिथल्या ३० आणि ३४ लेण्यांची उत्तम दृश्यं आधीच ढिगानं उपलब्ध आहेत, अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश चालत नाही, आणि तिकाठं (ट्रायपॉड) लावून रीतसर चित्रीकरण करायचं तर पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी लागते. चार दिवसांच्या कामासाठी हा व्याप नको.

किल्लारीच्या भूकंपाचा विषय करता येतो, पण जपून. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, माणसं झोपेत गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, वजन, यामुळे घरं अंगावर कोसळली. ज्यांचं कोणी गेलं त्यांना कॅमेऱ्यासमोर ती रात्र पुन्हा सांगायला लावू नका. पुनर्वसित गावातला आजचा सोळा वर्षांचा मुलगा जुन्या गावठाणात पहिल्यांदा केव्हा गेला, कोणाबरोबर गेला, त्याला तिथे आपल्या घराची जागा ओळखता येते का, इथून सुरुवात करा.

आता मला सगळ्यात आवडणारा विषय, आणि त्यावर जरा रेंगाळणार आहे: येळवस. लातूर-धाराशिवकडची मंडळी आत्ताच हसायला लागलीत. मार्गशीर्षातली ही वेळ अमावस्या कधी डिसेंबरच्या उत्तरार्धात येते, कधी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणजे बऱ्याच वर्षी आपल्या सुट्टीत सापडते. त्या दिवशी लातूर शहरातले रस्ते ओस पडतात आणि सगळं गाव रानात असतं. कडब्याची कोपी (खोपटं), आत पाच पांडव म्हणून मांडलेले चुना दिलेले दगड, भज्जी (डाळी-भाज्यांची मिश्र भाजी), आंबील, बाजरीचे उंडे, आंबील शिंपडताना होणारा 'ओलगे, ओलगे, सालम पोलगे'चा घोष. संध्याकाळी हेंडगा, म्हणजे पलिता, पेटवून पिकाभोवती फिरवतात. दिसायला, ऐकायला भरपूर आहे.

पण एवढ्यानं फक्त सणाचा व्हिडिओ होतो. माहितीपट व्हायला त्यात अडणारं काहीतरी हवं. येळवशीला ज्याचं रान आहे तो इतरांना जेवायला बोलावतो. मग ज्या घरानं शेत विकलं, त्या घरातली दहावीतली पोरगी त्या दिवशी कुठे जाते? मैत्रिणीच्या रानात, की विकलेल्या रानाच्या बांधावरून? की घरीच बसते? आता वाक्य तयार झालं, आणि पुढे काय होणार हे तुम्हालाही माहीत नाही.

याची एक अडचण आहे: सण एकाच दिवसाचा, रिटेक नाही. म्हणून आदल्या दिवसापासून सुरुवात करा. भाज्या निवडणं, शेंगा सोलणं, पहाटेची चूल. दोन फोन ठेवा. एक सतत लांबून, न हलवता. दुसरा हात आणि चेहरे टिपायला. दुपारी कोपीच्या आत काळोख आणि बाहेर पांढरं ऊन, त्यात चेहरा काळा पडतो, म्हणून मुलाखती दहाच्या आधी किंवा चारनंतर, कोपीच्या तोंडाशी बसून. रानात वारा आवाज खातो. कॉलर माइकला केसाळ टोपी लावा, तीही नसेल तर माइक ओढणीच्या एका पदराखाली घ्या. हेंडग्याच्या वेळी फोनच्या कॅमेऱ्याचं एक्सपोजर लॉक करा, नाहीतर ज्वाळा जवळ आली की चित्र आपोआप अंधारं-उजळ होत राहतं.

विषय टिकेल का, हे निघण्यापूर्वी इथे बसूनच तपासता येतं. मुलाखत धरू नका आणि फक्त दिसणाऱ्या दहा गोष्टी कागदावर लिहा. दहा होत नसतील तर त्यावर निबंध लिहा, तो चांगला होईल. मग तुमचं ते वाक्य घरच्या नसलेल्या चार-पाच मुलांना ऐकवा. 'आवडलं का' विचारलंत तर सगळे हो म्हणतात. 'पुढे काय होईल?' असं विचारा. त्यांनी उलट प्रश्न केला तर विषय जिवंत आहे. 'माहीत नाही' म्हणून खांदे उडवले तर वाक्य बदला. आईवडिलांना ऐकवून उपयोग नाही. गावाचं नाव काढलं की आपले डोळे भरून येतात, मुलांचे येत नाहीत.

वेळेचा हिशेबही विषयातच धरा. दहा दिवसांतले दोन झोपेचे, तीन नातेवाइकांचे, एखादं लग्न असतंच. हातात चार उरतात. आठ मिनिटांच्या फिल्मसाठी वीसपट म्हणजे १६० मिनिटं चित्रीकरण पुरे. फुल एचडीत मिनिटाला १३० एमबी धरले तरी २१ जीबीच्या आत बसतं. एक तास बोलणं लिहून काढायला चार-पाच तास जातात, त्यामुळे वीस-वीस मिनिटांच्या तीन मुलाखतींहून जास्त माणसं लागतील असा विषय नको. आणि एक तांत्रिक खोड: इथल्या फोनचं सेटिंग बहुधा सेकंदाला तीस फ्रेमचं असतं, तिकडची वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइटखाली पट्टे थरथरतात. फ्रेम पंचवीसवर आणि शटर १/५० वर ठेवा, आणि इथे घ्यायची दृश्यंही पंचवीसनंच घ्या.

परवानगीचं सांगतो आणि थांबतो. अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती हवी, मराठीत, आणि फिल्म इंटरनेटवर जाणार हे त्यात स्पष्ट लिहून. मुलाला स्वतःलाही विचारा. शाळेत शूटिंग असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र घ्या. ऊसतोडीच्या घरात गेलात तर मुकादमाचं नाव, उचलीची (आगाऊ घेतलेल्या पैशांची) रक्कम कॅमेऱ्यावर घेऊ नका; तुम्ही परत येता, ते घर तिथेच राहतं. घरातलं रिकामं फडताळ, फाटकी चप्पल यांवर कॅमेरा रेंगाळवू नका. बोली सबटायटलमध्ये सरळ करू नका. कोणी 'काय करूलालास?' म्हटलं तर तसंच लिहा. एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त मजकूर नको.

पहिला फोन मात्र येत्या रविवारीच करा. न्यूयॉर्कच्या वेळेनं सकाळी आठ वाजता तिकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. माणूस रानातून परत आलेला असतो, चहा झालेला असतो, आणि लाइट असेल तर फोनही चार्जिंगला लागलेला असतो.