मांजराचं वजन: ४२ ग्रॅमचा हिशेब

[दृश्य: मांजराच्या फासळ्यांवरून फिरणारी बोटं]

मांजर लठ्ठ झालंय का, हे डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं. छातीच्या दोन्ही बाजूंना हलके हात ठेवा. तळहाताची मागची बाजू चाचपताना हाडं लागतात, तशा फासळ्या लागल्या की वजन ठीक. दाबून शोधाव्या लागल्या, तर चरबी साठलीय. मागच्या पायांपाशी लोंबणारी सैल कातडी सडपातळ मांजरालाही असते, तिला घाबरू नका.

नसबंदीनंतर मांजराची भूक वाढते आणि शरीराची गरज घटते. वाटी मात्र पूर्वीइतकीच भरली जाते.

[दृश्य: डिजिटल काट्यावर कोरडं खाद्य]

समजा, पाच किलोचं मांजर चार किलोवर आणायचंय. चार किलोच्या शरीराची विश्रांतीतली गरज दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी. वजन उतरवताना साधारण त्याच्या ८० टक्क्यांपासून, म्हणजे १६०पासून सुरुवात करतात. नेमका आकडा पशुवैद्यांकडून ठरवून घ्या. पाकिटावर १०० ग्रॅमला ३८० लिहिलं असेल, तर दिवसाचं खाद्य झालं ४२ ग्रॅम. मापाचा पेला यात दहा ग्रॅमनी सहज चुकतो, आणि तेवढ्यानेच दिवसाचं खाणं जवळपास पाव हिश्श्याने वाढतं! म्हणून काटा हवाच. सकाळीच ४२ ग्रॅम डब्यात काढा. घरात कुणीही काही भरवलं, तरी ते याच डब्यातून. डबा रिकामा, की त्या दिवसाचं खाणं संपलं.

ओल्या खाद्यात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी असतं. तेवढ्याच कॅलरीत ताटली भरलेली दिसते, पोटही भरतं.

[दृश्य: न शिवलेली ताटली]

लठ्ठ मांजराला उपाशी ठेवणं जीवघेणं ठरू शकतं. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, की अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि यकृत निकामी होऊ लागतं. म्हणून नवं खाद्य जुन्यात मिसळत सात ते दहा दिवसांत बदला. नाकारलं तर ‘भूक लागली की खाईल’ म्हणत थांबू नका. २४ तास काहीच खाल्लं नाही, तर पशुवैद्यांना गाठा.

[दृश्य: बाळांच्या वजनकाट्यावर मांजर]

आठवड्याला एक टक्का, म्हणजे इथे ५० ग्रॅम घट पुरेशी आहे. माणसांच्या काट्यावर हा फरक दिसतच नाही. बाळांचा काटा वापरा. दोन टक्क्यांहून जास्त उतरलं, तर खाणं वाढवा. एक किलो उतरायला पाच महिने लागतील. तोवर पाठीच्या टोकाकडचे गुंतलेले, कोंडा धरलेले केस मांजर पुन्हा स्वतःच चाटून साफ करू लागतं. आता जीभ तिथवर पोचते.